मोठी रिम, आखूड भिंत : स्पोर्ट्स कारची चाके आणि नगर जिल्ह्याचे रस्ते

स्पोर्ट्स कारच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात इंजिनाइतकाच ठळक बदल चाकांमध्ये झालेला आहे. पोर्शे कंपनीची ९११ ही गाडी १९६४ साली बाजारात आली तेव्हा तिला १५ इंची रिम आणि १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. याच गाडीच्या ९९२ या पिढीतील कॅरेरा एस प्रकाराला पुढे २० इंची आणि मागे २१ इंची रिम, तर मागच्या टायरांना ३०५ मिलिमीटर रुंदी मिळाली. माझदाची एमएक्स-५ ही हलकी दोन आसनी गाडी १९८९ मध्ये १४ इंची रिमवर धावत होती, आणि तिची सध्याची पिढी १६ किंवा १७ इंची रिमवर धावते. भारतात स्पोर्ट्स कार विकत घेणारे थोडे असले, तरी आपल्या साध्या गाडीला तशी चाल यावी म्हणून ‘मॅग व्हील’, म्हणजे मिश्रधातूच्या मोठ्या रिमा, बसवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यामुळे चाक मोठे झाल्याने गाडीच्या चालीत आणि वळणावरच्या ताब्यात नेमका काय फरक पडतो, हा प्रश्न तालुक्याच्या गावच्या टायरच्या दुकानापर्यंत पोचलेला आहे.

या प्रश्नाचा विचार अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या संदर्भात करण्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की शहरालगतच्या वाहननगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे, जिला नगरकर ‘व्हीआरडीई’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे मूळ असलेली ही संस्था आज लष्करी वाहने विकसित करते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमधील नियम १२६ नुसार नागरी वाहनांची चाचणी घेण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या संस्थांमध्येही तिची गणना होते. दुसरे कारण असे, की समृद्धी महामार्गाचे काँक्रीट, घाटांतली वळणे, काळ्या मातीवरचे लाटांसारखे डांबरी रस्ते आणि खड्ड्यांनी गाजलेला नगर-मनमाड मार्ग हे सर्व या एकाच जिल्ह्यात सापडते, आणि चाकाचे गुणदोष शेवटी रस्ताच ठरवतो.

दोन वेगळी मोठेपणे

‘मोठे चाक’ या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक म्हणजे टायरसह संपूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास, आणि दुसरी म्हणजे आतल्या धातूच्या रिमचा व्यास. टायरच्या अंगावर लिहिलेल्या सांकेतिक मापावरून या दोन्हींचा हिशेब करता येतो. ‘१८५/६५ आर १५’ या मापातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो; दुसरा आकडा साइडवॉलची, म्हणजे रिम आणि रस्त्याला टेकणारा पट्टा यांमधल्या टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो; ‘आर’ हे अक्षर आतल्या दोऱ्यांची त्रिज्यीय मांडणी, तर शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत दर्शवतो.

२०१८ ते २०२४ या काळात भारतात विकल्या गेलेल्या मारुती स्विफ्टच्या खालच्या श्रेणींना १६५/८० आर १४, तर वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ हे टायर मिळत. पहिल्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच आणि चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, तर दुसऱ्याची भिंत १२० मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. परदेशात विकल्या जाणाऱ्या स्विफ्ट स्पोर्ट या चपळ प्रकाराला १९५/४५ आर १७ हे माप दिलेले होते, ज्यात भिंत ८८ मिलिमीटरवर येते आणि बाहेरचा व्यास वाढण्याऐवजी सुमारे ६०७ मिलिमीटरपर्यंत किंचित घटतो. रिम तीन इंचांनी मोठी होऊनही चाक रस्त्याच्या दृष्टीने मोठे झाले नाही. रिमने टायरची जागा घेतली, एवढेच घडले. पोर्शे ९११ च्या मागच्या चाकाचा हिशेबही याच दिशेचा आहे, कारण तिथे रिमचा व्यास १५ वरून २१ इंचांवर, म्हणजे ४० टक्क्यांनी वाढला, तर बाहेरचा व्यास सुमारे ६५ सेंटिमीटरवरून ७२ सेंटिमीटरवर, म्हणजे दहा-अकरा टक्क्यांनीच वाढला.

हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण मोठ्या चाकाचे जे फायदे परंपरेने माहीत आहेत, ते बाहेरच्या व्यासाचे आहेत. चाक एखाद्या खड्ड्यावरून जाताना त्यात किती खोल उतरेल, हे ढोबळमानाने खड्ड्याच्या लांबीच्या वर्गाला चाकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागून काढता येते. तीस सेंटिमीटर लांबीच्या खड्ड्यात ३१० मिलिमीटर त्रिज्येचे मोटारीचे चाक सुमारे ३६ मिलिमीटर उतरते, तर जुन्या लाकडी बैलगाडीचे लोखंडी धाव चढवलेले, सुमारे ७०० मिलिमीटर त्रिज्येचे चाक त्याच खड्ड्यात १६ मिलिमीटरच उतरते. रबर आणि हवा नसलेल्या काळात चाक उंच करण्यावाचून खड्ड्यावर दुसरा उपाय नव्हता. पुढे उसाच्या वाहतुकीसाठी बैलगाडीला हवेचे टायर आले तेव्हा चाक लहान करणे परवडू लागले, कारण उंचीचे काम हवेने उचलले. व्हीआरडीईने टाटा समूहाच्या सहकार्याने विकसित केलेल्या आठ चाकी चिलखती वाहनाला उंच आणि जाड टायर दिलेले आहेत, ते याच तत्त्वानुसार: अडथळ्यावर चढणे, भुसभुशीत जमिनीत न रुतणे आणि धक्का पचवणे ही कामे त्या चाकांकडून अपेक्षित आहेत. स्पोर्ट्स कारची मोठी रिम मात्र उलट दिशेने जाते. ती उंची वाढवत नाही आणि हवेचा थर पातळ करते.

हवेची स्प्रिंग आणि पोलादाची स्प्रिंग

रस्ता आणि गाडीत बसलेला माणूस यांच्यामध्ये दोन स्प्रिंगा एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात, असे समजल्यास मोठ्या रिमचा परिणाम नीट उलगडतो. वरची स्प्रिंग निलंबनाची, म्हणजे गाडीचे धड चाकांवर तोलून धरणाऱ्या सस्पेन्शनची पोलादी गुंडाळी असते, आणि खालची स्प्रिंग म्हणजे हवा भरलेला टायर. साध्या मोटारीत चाकापाशी मोजलेला पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा दर मिलिमीटरला साधारण २५ न्यूटन असतो, तर टायरचा २०० न्यूटनांच्या आसपास असतो; टायर हा स्प्रिंगच्या सुमारे आठपट ताठर असतो. दोन स्प्रिंगा एकापाठोपाठ असल्या की एकूण वागणूक मऊ स्प्रिंग ठरवते, आणि म्हणून आखूड भिंतीमुळे टायर २० टक्क्यांनी ताठर झाला, तरी दोन्हींचा मिळून ताठरपणा अवघा दोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. रस्त्याची लांब, संथ लाट ओलांडताना गाडीचे धड सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होते, ती हालचाल मोठ्या रिममुळे जवळपास बदलत नाही.

बदल घडतो तो आखूड आणि तीक्ष्ण धक्क्यांच्या बाबतीत. खड्ड्याची कड, पुलाचा सांधा किंवा रस्त्यावर पडलेली खडी यांचा धक्का इतक्या वेगाने येतो, की पोलादी स्प्रिंग आणि तिच्यासोबतचा शॉकअप हालचालीला लागण्याआधीच टायरला तो झेलावा लागतो. उंच भिंतीचा टायर खडीच्या तुकड्याभोवती स्वतःला वाकवून तो तुकडा पोटात घेतो, आखूड भिंतीचा टायर मात्र संपूर्ण चाकालाच उचलतो. स्प्रिंगच्या खालचा हा सगळा भाग, म्हणजे रिम, टायर, ब्रेक आणि चाकाचा आधार, सेकंदाला बाराएक वेळा थरथरण्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता बाळगून असतो. ही थरथर आवरण्याचे काम जवळजवळ एकट्या शॉकअपचे असते, कारण टायर स्वतः फारच थोडी ऊर्जा जिरवतो. परिणामी मोठी रिम बसवलेल्या गाडीचे शॉकअप थकलेले असले, की तिची चाल मुळापेक्षा अधिक बिघडलेली जाणवते.

प्रवाशाला काय जाणवते, हे शरीरावरही अवलंबून असते. मानवी शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना सेकंदाला चार ते आठ या टप्प्यात सर्वाधिक संवेदनशील असते, आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या कंपनविषयक मानकातही या टप्प्याला सर्वाधिक भार दिलेला आहे. भारतातल्या सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांमध्ये आडवे सांधे सामान्यतः साडेचार मीटरांच्या अंतराने दिले जातात. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी असलेल्या ताशी १२० किलोमीटर या कमाल वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे असे सांधे तिच्या चाकांखालून सेकंदाला सातपेक्षा थोडे अधिक वेळा जातात, आणि ताशी ८० किलोमीटरला पाच वेळा. सांध्यांचे ठोके नेमके शरीराच्या नाजूक टप्प्यात पडत असल्यामुळे, डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या काँक्रीटवरही आखूड भिंतीच्या टायरची गाडी थकवणारी वाटू शकते, आणि टायरच्या पोकळीतील हवेचा गुंजारव त्यात भर घालतो.

वजनाचा हिशेब

मोठी रिम सहसा जड असते, आणि हे वजन सर्वांत गैरसोयीच्या जागी पडते. स्प्रिंगच्या वर असलेल्या वजनाला स्प्रिंग सांभाळते. स्प्रिंगखालच्या वजनाला रस्त्याशिवाय कोणीच सांभाळत नाही. चाक जितके जड, तितका त्याला उसळल्यावर परत रस्त्यावर आणायला वेळ अधिक, आणि तेवढ्या वेळात त्या टायरची पकड कमी झालेली असते.

फिरत्या वजनाबद्दल मात्र गॅरेजांमध्ये अतिशयोक्ती फार चालते. चाकावरचा एक किलो गाडीवरच्या दहा किलोंच्या बरोबरीचा असतो, हे विधान पदार्थविज्ञानाला धरून नाही. वेग घेताना चाकाला पुढेही जावे लागते आणि गरगर फिरावेही लागते, म्हणून त्याचे वजन अधिक मोजले जाते, हे खरे. पण वजन अगदी टायरच्या बाहेरच्या परिघावर असले तरी त्याची गणना जास्तीत जास्त दुप्पट होते, आणि रिमवरचे वजन परिघापासून आत असल्यामुळे सुमारे दीडपटच मोजले जाते. प्रत्येक रिम तीन किलोंनी जड झाली, तर चारही चाकांचे मिळून वाढलेले बारा किलो वेग घेताना अठरा किलोंसारखे वागतील, आणि अकराशे किलोंच्या गाडीत हा फरक दोन टक्क्यांहून कमी आहे. फरक लहान असला तरी तो सतत भरावा लागतो. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ ते १९ इंचांपर्यंतच्या पाच मापांची चाके क्रमाने बसवून मोजमाप घेतले, तेव्हा चाके मोठी होत गेली तशी गाडी वेग घ्यायला मंदावली आणि इंधन अधिक खाऊ लागली, तर वळणावरची पकड मात्र सुधारली.

वळणावर मिळणारा लाभ

ती पकड कशामुळे सुधारते, हे पाहण्यासाठी टायर वळण कसे घेतो ते समजून घ्यावे लागते. चालकाने स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या दिशेला तोंड करते, त्या दिशेला ते तंतोतंत जात नाही. रस्त्याला टेकलेला रबराचा पट्टा आणि रिम यांमध्ये थोडा पीळ पडतो, आणि चाकाचे तोंड व चाकाचा प्रत्यक्ष मार्ग यांमध्ये काही अंशांचा कोन तयार होतो. या सरक-कोनामुळेच वळणाचे बल निर्माण होते. भिंत उंच असेल तर तेवढ्याच बलासाठी अधिक पीळ, म्हणून अधिक कोन लागतो; भिंत आखूड आणि ताठ असेल तर थोड्या कोनात अधिक बल मिळते. शिवाय हे बल पूर्ण तयार होण्यासाठी चाकाला काही अंतर लोळावे लागते, जे साध्या मोटारीच्या टायरमध्ये अर्ध्या मीटरच्या आसपास असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्धा मीटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओलांडते, आणि ताठ भिंतीचा टायर हे अंतर आणखी घटवतो. आकडा क्षुल्लक वाटला, तरी चालकाच्या हाताला तो ‘गाडी लगेच ऐकते’ या स्वरूपात स्पष्ट कळतो; मोठ्या रिमच्या लोकप्रियतेचे खरे कारण या जाणिवेत आहे.

रुंदी वाढण्याचा परिणाम मात्र वेगळ्या रीतीने होतो. टायर रस्त्याला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो, ते क्षेत्र मुख्यतः चाकावरचा भार आणि टायरमधील हवेचा दाब यांवर ठरते. २७५ किलोंचा भार आणि ३२ पीएसआय दाब असेल तर ते १२० चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येते, मग टायर अरुंद असो वा रुंद. रुंद टायरमध्ये या क्षेत्राचा आकार बदलतो, म्हणजे ते आडवे पसरते आणि लांबीला आखूड होते, आणि वळणाच्या बलासाठी असा आकार अधिक अनुकूल असतो. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. साचलेल्या पाण्यावरून जाताना रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, आणि ते सारता आले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन्हींचा उपयोग संपतो.

आखूड भिंतीचा आणखी एक स्वभाव असा, की तिची पकड उशिरा आणि एकाएकी सुटते. उंच भिंतीचा टायर पकड सोडण्यापूर्वी बराच पीळ घेतो, त्यामुळे चालकाला आगाऊ सूचना मिळते. टोयोटाने २०१२ मध्ये बाजारात आणलेल्या जीटी ८६ या स्पोर्ट्स कारला मुद्दाम २१५/४५ आर १७ या मध्यम मापाचे, प्रियस या काटकसरी गाडीलाही वापरले जाणारे टायर दिले होते, कारण पकडीची सीमा कमी वेगाला आणि हळूहळू यावी, म्हणजे गाडी खेळवण्याचा आनंद सामान्य चालकालाही मिळावा, असा तिच्या रचनाकारांचा हेतू होता.

मग रिम मोठी करावी लागते कशासाठी

रिम मोठी करण्याचे सर्वांत सयुक्तिक कारण दिखाव्यात नसून ब्रेकमध्ये आहे. ९९२ पिढीतील सुरुवातीच्या ९११ कॅरेरा एसच्या पुढच्या ब्रेकची तबकडी ३५० मिलिमीटर व्यासाची होती, आणि १५ इंची रिमचा व्यास ३८१ मिलिमीटरच असल्यामुळे तबकडीबाहेर येणारा कॅलिपर, म्हणजे तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग, अशा रिममध्ये मावणे शक्य नाही. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकणाऱ्या गाडीला वारंवार थांबवताना निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यासाठी तबकडी मोठी लागते, तबकडीसाठी रिम मोठी लागते, आणि बाहेरचा व्यास मर्यादेत ठेवायचा असल्यामुळे भिंत आखूड होते. ज्या गाडीची तबकडी १४ इंची रिममध्ये सहज मावते, तिला १७ इंची रिम बसवली तर रिमच्या आऱ्यांमधून लहानशी तबकडी हरवल्यासारखी दिसते आणि ब्रेकची क्षमता तसूभरही वाढत नाही.

फॉर्म्युला वन शर्यतींचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. जगातल्या सर्वांत वेगवान वळणे घेणाऱ्या या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर आणि फुगीर, उंच भिंतीच्या टायरांवर धावत होत्या, आणि त्यांचे निलंबन इतके ताठ असे, की स्प्रिंगचे बरेचसे काम टायरची भिंतच करत असे. २०२२ मध्ये नियमानुसार १८ इंची रिम आली तेव्हा संघांना निलंबनाची रचना नव्याने करावी लागली, कारण टायरने सोडलेले काम आता पोलादाला उचलावे लागणार होते. भिंत आखूड केली की तिचे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते, हा या बदलाचा धडा आहे; कारखान्यात ते काम स्प्रिंग, शॉकअप आणि रबरी बुश यांना वाटून दिले जाते, टायरच्या दुकानात मात्र ते कोणालाच दिले जात नाही.

जिल्ह्याच्या रस्त्यांची परीक्षा

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि कोपरगाव तालुक्यातून जाणारा हा मार्ग जिल्ह्यातील वेगवान गाड्यांसाठी सर्वांत अनुकूल पृष्ठभाग ठरला. सरळ मार्गावर आखूड भिंतीचा ताठ टायर गाडीला स्थिर ठेवतो, पण सलग वेग आणि उन्हाळ्यातले तापलेले काँक्रीट यांमुळे हवेच्या दाबाचे महत्त्व इथे अनेकपटींनी वाढते. टायरचे रबर भार उचलत नाही, भार उचलते ती त्यातली हवा. दाब कमी असेल तर भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते आणि त्या वाकण्याची उष्णता टायर फुटण्यापर्यंत पोचू शकते. उंच भिंतीचा टायर हवा कमी झाल्यावर बसलेला दिसतो, आखूड भिंतीचा टायर मात्र दाब बराच उतरला तरी डोळ्यांना पूर्ववत वाटतो, म्हणून त्याचा दाब गेज लावूनच तपासावा लागतो.

राहुरी, कोल्हार, राहाता असा शिर्डीकडे जाणारा नगर-मनमाड मार्ग खड्ड्यांमुळे वर्षानुवर्षे बातम्यांत आहे, आणि तिथला हिशेब अगदी वेगळा निघतो. टायरच्या भिंतीची जी उंची वर सांगितली, तिच्यातले सुमारे १७ मिलिमीटर रिमची कड व्यापते आणि उभ्या गाडीच्या भाराने आणखी वीसएक मिलिमीटर दबलेले असतात. १३२ मिलिमीटरच्या भिंतीत त्यामुळे धक्का झेलायला सुमारे ९५ मिलिमीटर उरतात, तर ८८ मिलिमीटरच्या भिंतीत जेमतेम ५१. रबराची जाडी वजा केली तर अंतर आणखी आकसते. ही जागा संपली की खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्या कात्रीत टायर सापडतो, आतले दोरे तुटतात, भिंतीवर फुगा येतो किंवा रिम वाकते. हाच धोका तपासण्यासाठी रिमच्या मान्यताचाचणीत रिम तेरा अंशांच्या कोनात तिरपी धरून तिच्या कडेवर ठरावीक वजन वरून सोडले जाते. प्रमाणित रिम आणि अशी कोणतीही चाचणी न झालेली स्वस्त नक्कल यांतला फरक दुकानात दिसत नाही, तो अशा रस्त्यावर दिसतो.

नेवासे, शेवगाव, श्रीरामपूर या भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे गावरस्ते लाटांसारखे वरखाली होतात, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यांवर चाकोऱ्या पाडतात. संथ लाटांवर रिमच्या मापाने फारसे काही बदलत नाही, तिथे शॉकअपचे महत्त्व मोठे; चाकोऱ्यांत मात्र रुंद आणि ताठ टायर रस्त्याच्या उताराच्या मागे ओढला जातो आणि स्टिअरिंग सतत सावरावे लागते. संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट किंवा पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट इथे पृष्ठभाग चांगला असेल तर आखूड भिंतीचा टायर आपला नेमकेपणा पुरेपूर दाखवतो. पण वळणातच उखडलेले डांबर लागले, की जड आणि ताठ चाक उसळते, आणि हवेत असलेल्या टायरला कसलीही पकड नसते. त्या जागी उंच भिंतीची साधी गाडी अधिक निश्चिंतपणे वळते. चालीतला मऊपणा आणि वळणावरचा ताबा हे एकमेकांचे शत्रू आहेत, ही समजूत गुळगुळीत रस्त्यापुरती खरी आहे. खराब रस्त्यावर मऊपणा हाच ताब्याचा पाया ठरतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या अतिपावसाच्या पट्ट्यात रुंद टायरचा पाण्यावर तरंगण्याचा दोषही हिशेबात घ्यावा लागतो, आणि तिथे नक्षीची खोली रिमच्या मापापेक्षा कितीतरी महत्त्वाची असते. मोटारीच्या टायरवर नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी असे कायदा सांगतो, पण पाणी सारण्याची क्षमता त्या मर्यादेच्या बरीच आधी घटू लागते.

निवडीचे सूत्र

रिम बदलताना बाहेरचा व्यास मुळाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत राखणे हा पहिला नियम, कारण वेगमापक, अँटिलॉक ब्रेक आणि स्थैर्यनियंत्रण या यंत्रणा चाकाच्या फेऱ्यांवरून आपला हिशेब करतात. दुसरा नियम ऑफसेटचा, म्हणजे रिम गाडीला जोडली जाते ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे याचा. तो चुकला तर चाक बाहेर येऊन बेअरिंगवर ताण वाढतो, ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढते आणि भरलेल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो. तिसरा नियम भारनिर्देशांकाचा, कारण आखूड टायरमध्ये हवेचे आकारमान कमी असल्याने तेवढाच भार उचलायला त्याला अनेकदा अधिक दाब लागतो. कायद्याची बाजूही विसरता येत नाही: मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनात उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळा बदल करण्यावर बंधन घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे बंधन काटेकोरपणे वाचले. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला दिलेले माप तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्धोक असते, कारण त्या मापावर निलंबनाची चाचणी आधीच झालेली असते.

स्पोर्ट्स कारसाठीही सूत्र तेच राहते: ब्रेक सामावून घेणारी सर्वांत लहान रिम, तिच्यावर बाहेरच्या व्यासात बसेल तेवढी उंच भिंत, आणि उरलेला पैसा चांगल्या रबराच्या टायरवर व ताज्या शॉकअपवर. शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीवर हे सूत्र एक-दोन इंचांनी वर सरकेल. नगर-मनमाड मार्गाने रोज जाणाऱ्यासाठी ते तेवढेच खाली उतरेल.